स्विचची चावी पडवीत टांगू नका

मंडळी, आजचा विषय जरा कोरडा आहे, हे आधीच सांगून टाकतो. नेटवर्क स्विच आणि व्हीलॅन. (हिंदी सिनेमातला व्हिलन नव्हे, व्ही-लॅन. हा विनोद नेटवर्किंगच्या प्रत्येक क्लासमध्ये पहिल्याच दिवशी होतो, तेव्हा इथेही उरकून घेतला.) पण हे फक्त नेटवर्कवाल्यांसाठी लिहीत नाहीये. तुम्ही शाळेच्या समितीवर असाल, पतसंस्थेच्या संचालक मंडळावर असाल, दहा खाटांचं हॉस्पिटल चालवत असाल, तर चिकाटीने शेवटपर्यंत वाचा. कॉन्फिगरेशन जो करणारा आहे तो करेल. पण ते करून घ्यायचं की नाही, हे तुम्हालाच ठरवायचं आहे.

माझं म्हणणं अगदी साधं आहे. ज्या वाटेने सगळी दुनिया ये-जा करते, त्या वाटेवर नेटवर्कचा कारभार ठेवू नये. कारभाराची वाट वेगळी हवी. तिला मॅनेजमेंट व्हीलॅन म्हणतात आणि बहुतेक ठिकाणी त्यासाठी एक रुपयाचीही खरेदी करावी लागत नाही.

आता आमचं फोंडाघाट म्हणजे घाटाच्या पायथ्याचं, बाजाराचं गाव. तालुका कणकवली. देवगडहून निपाणीकडे जाणारा रस्ता गावातून पुढे घाट चढतो. वर दाजीपूर, मग राधानगरी, मग कोल्हापूर. गाव छोटं, पण आता अशा कुठल्याही गावात शाळा, दवाखाना, पतसंस्था, मोठं दुकान, जिथे जाल तिथे छताखाली एक डबा लटकलेला असतो. हिरवे दिवे लुकलुकत असतात, खालून पंधरा-वीस निळ्या वायरी लोंबत असतात. तोच स्विच. त्याच्याकडे कोणाचंच लक्ष नसतं. तो चालू आहे तोवर तो आहे हेही कोणाला माहीत नसतं.

स्विचचं काम पोस्टमनचं. या कॉम्प्युटरची पाकिटं त्या कॉम्प्युटरला नेऊन द्यायची. साधा स्विच एवढंच करतो, त्याला काही सांगता येत नाही. मॅनेज्ड स्विचला मात्र सांगता येतं. त्याचा स्वतःचा आयपी पत्ता असतो, लॉगिन असतं, आत गेलं की कुठला पोर्ट बंद, कुठला चालू, कोणी कोणाशी बोलायचं, सगळं ठरवता येतं. व्हीलॅन ही त्यातलीच सोय. एकाच डब्याचे आपण मनाने चार डबे करतो. काउंटरचे कॉम्प्युटर एकात, कॅमेरे दुसऱ्यात, पाहुण्यांचं वायफाय तिसऱ्यात. प्रत्येक पाकिटावर चार बाइटचं लेबल चिकटवायचं, त्यात बारा बिटांचा व्हीलॅन नंबर. म्हणून नंबर १ पासून ४०९४ पर्यंत वापरता येतात. ८०२.१क्यू नावाचं हे स्टँडर्ड १९९८ सालचं. म्हणजे आज आपण काही नवलाईची गोष्ट बोलत नाही आहोत.

घोळ कुठे होतो? बहुतेक स्विच कंपनीतून येतात तेव्हा सगळे पोर्ट व्हीलॅन १ मध्ये असतात आणि स्विचचा स्वतःचा कारभारही तिथेच असतो. बसवणारा माणूस वायरी खोचतो, दिवे लागतात, 'झालं साहेब' म्हणतो आणि बिल देऊन जातो. कोकणातल्या घराची रचना आठवा. पुढे खळं, मग पडवी, मग ओटी, त्याच्या आत माजघर. आलागेला पडवीत बसतो, चहा घेतो, जातो. तिजोरीची चावी आपण पडवीतल्या खुंटीला टांगतो का? नाही ना? पण व्हीलॅन १ वर ठेवलेला स्विच म्हणजे बरोब्बर तेच. जो कोणी त्या नेटवर्कवर आला, त्याच्या हाताला चावी लागते.

आमच्याच भागातल्या एका पतसंस्थेत (नाव-गाव विचारू नका) मॅनेजरकाकांना मी हे दाखवलं होतं. त्यांच्या परवानगीने, ग्राहकांच्या बाकावर बसून, ग्राहकांसाठी ठेवलेल्या वायफायवरून. फोनच्या ब्राउझरमध्ये स्विचचा पत्ता टाकला, लॉगिनचं पान उघडलं. पासवर्ड घालून बघितला नाही, त्याची गरजच नव्हती. काका हसले आणि म्हणाले, "आमच्याकडे कोण येतलो रे हॅक करूक?"

या वाक्यावर माझा खरा राग आहे. काकांवर नाही. हे वाक्य मी पुण्यात चकाचक कंपन्यांतही ऐकलंय, फक्त तिथे ते इंग्रजीत म्हणतात.

पहिली गोष्ट, कोणी 'आपल्याकडे' म्हणून येत नाही. २०१६ साली मिराई नावाच्या व्हायरसने जगभरचे लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. त्याने गाव बघितलं नाही, बोर्ड वाचला नाही. कंपनीने दिलेला पासवर्ड बदललेला नाही, एवढंच बघितलं. भिंतीवरचा असा एक कॅमेरा बाहेरच्या माणसाच्या हाती गेला आणि तो तुमच्या स्विचच्या शेजारी त्याच व्हीलॅनमध्ये बसलेला असला, की तो माणूस आपल्या पडवीतच आला की! त्याला फोंड्यात यायला एसटी लागत नाही.

दुसरी गोष्ट, स्विच हातात आला की काय काय करता येतं, याची लोकांना कल्पना नसते. फार तर नेट बंद पडेल असं वाटतं. नेट बंद पडणं हा सगळ्यात सौम्य प्रकार आहे. पोर्ट मिररिंग नावाची एक सोय असते. काउंटरच्या पोर्टवरून जाणाऱ्या प्रत्येक पाकिटाची एक प्रत दुसऱ्या पोर्टवर पाठव, असं स्विचला सांगता येतं. काउंटरवर कोणालाही काही कळत नाही. किंवा पाहुण्यांच्या व्हीलॅनमधला पोर्ट गुपचूप काउंटरच्या व्हीलॅनमध्ये सरकवता येतो. तुम्ही आत बांधलेल्या सगळ्या भिंती त्याच डब्यातल्या दोन-चार ओळींवर उभ्या असतात.

आणि तिसरी, सगळ्यात महत्त्वाची. बँक बुडाली तर ठेवीदाराला विम्याचे पाच लाखांपर्यंत मिळू शकतात. ही मर्यादा फेब्रुवारी २०२० मध्ये एक लाखावरून वाढवली. हे संरक्षण सहकारी बँकांनाही आहे. पतसंस्थेला नाही. शहरी सहकारी बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०१८ मध्ये सायबर सुरक्षेची किमान चौकट घालून दिली, डिसेंबर २०१९ मध्ये तिचे चार स्तर केले. पतसंस्था त्या चौकटीतही बसत नाहीत, त्या राज्याच्या सहकार खात्याकडे. म्हणजे जिथे गावातल्या माणसाची काजू-आंब्याची, मुंबईहून मनीऑर्डरने येऊन साठलेली पुंजी आहे, तिथेच मागे उभं राहणारं कोणी नाही. तिथे तरी चावी आत ठेवूया की!

"पासवर्ड आहे ना चांगला," हा पुढचा मुद्दा. तो असलाच पाहिजे. पण तेवढ्यावर विसंबू नये असं का म्हणतो, ते तीन उदाहरणांनी सांगतो.

मार्च २०१७. विकिलीक्सने सीआयएची म्हणून जी कागदपत्रं फोडली, ती चाळताना सिस्कोला आपल्याच ३०० हून जास्त स्विच मॉडेलमधलं एक भोक सापडलं. टेलनेट चालू असेल तर बाहेरचा माणूस लॉगिन न करता स्विचचा मालक होऊ शकत होता. दुरुस्ती यायची होती, तोवर उपाय एकच : टेलनेट बंद करा, नाहीतर त्याच्यापर्यंत कोणाला पोचू देऊ नका.

एप्रिल २०१८. स्विच बसवणं सोपं व्हावं म्हणून सिस्कोने स्मार्ट इन्स्टॉल नावाची सोय दिली होती. तिला मुळात पासवर्डच नव्हता. इराण आणि रशियातल्या डेटा सेंटरमधले स्विच त्यातून धडाधड पुसले गेले. इराणमध्ये तर स्क्रीनवर अक्षरांतून काढलेला अमेरिकेचा झेंडा आणि 'आमच्या निवडणुकांत ढवळाढवळ करू नका' असा दम.

ऑक्टोबर २०२३. पुन्हा सिस्को, या वेळी नव्या उपकरणांचं वेब पान. धोक्याची पातळी दहापैकी दहा. पासवर्डशिवाय बाहेरून नवं ॲडमिन खातं उघडता येत होतं आणि काही दिवसांत हजारो उपकरणांवर तशी खाती निघाली.

(सिस्कोवर दात नाही. त्यांचे डबे जगात सर्वात जास्त आहेत म्हणून त्यांच्या बातम्या होतात. स्वस्तातल्या डब्यांतली भोकं कोणी शोधतसुद्धा नाही, एवढाच फरक.)

या तिन्ही वेळा पासवर्ड 'कोकण१२३' होता की चाळीस अक्षरी होता, याने काडीचा फरक पडला नाही. फरक एकाच गोष्टीने पडला : त्या दारापर्यंत परक्याला पोचता येत होतं की नाही. जून २०२३ मध्ये अमेरिकेच्या सायबर सुरक्षा संस्थेने तिथल्या सरकारी खात्यांना हुकूमच काढला, की उपकरणांच्या कारभाराचं दार इंटरनेटवर उघडं सापडलं तर १४ दिवसांत ते आत घ्या किंवा त्यापुढे वेगळा पहारा बसवा.

आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर पुण्याच्या कॉसमॉस बँकेचं घ्या. तिथला 'एटीएम स्विच' म्हणजे आपला हा डबा नव्हे. तो पैसे द्यायचे की नाही हे ठरवणारा सर्व्हर. नावात गल्लत नको. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. हल्लेखोरांनी त्या स्विचच्या जागी आपला खोटा स्विच उभा केला आणि 'द्या पैसे' असं उत्तर तोच देऊ लागला. काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून सुमारे ७८ कोटी गेले, भारतातून अडीच कोटी. ते काढणारे आपल्या घाटाच्या वर, कोल्हापुरातही होते. मग १३ तारखेला स्विफ्टमधून आणखी १३.९२ कोटी हाँगकाँगला. एकूण ९४ कोटींच्या वर. हे सगळं मॅनेजमेंट व्हीलॅनने वाचलं असतं असा दावा मी अजिबात करत नाही. सांगायचंय ते इतकंच, की कोणी एटीएमचं मशीन फोडलं नाही. त्यांनी 'हो' म्हणणारी जागा धरली. नेटवर्कमध्ये ही 'हो' म्हणणारी जागा म्हणजे स्विचचा कारभार.

तर करायचं काय? नेटवर्कवाल्या मित्रांनो, आता तुमच्यासाठी.

१. एक नवा व्हीलॅन करा, समजा ९९. नंबर कुठलाही चालेल, फक्त १ नको. स्विच, वायफायचे ॲक्सेस पॉइंट, राउटर, यूपीएसचं कार्ड यांचे कारभाराचे पत्ते त्यात न्या. व्हीलॅन १ वरचा पत्ता काढून टाका.

२. ९९ मध्ये कोणाचाही कॉम्प्युटर, प्रिंटर, कॅमेरा नको. कुलूपबंद रॅकमधला एक पोर्ट आणि कारभाराला ठेवलेलं एक मशीन, बस्स. वापरात नसलेले पोर्ट बंद.

३. राउटरवर नियम : बाकीच्या कुठल्याही व्हीलॅनमधून ९९ कडे वाट नाही. आणि ९९ मधून इंटरनेटलाही नाही. अपडेट हवे तर कारभाराच्या मशीनवर आणून तिथून चढवायचे.

४. ट्रंकवर जेवढे लागतात तेवढेच व्हीलॅन सोडा आणि नेटिव्ह व्हीलॅन असा ठेवा की ज्यात कोणीच नाही. नाहीतर दोन लेबलं चिकटवून उडी मारायची जुनी युक्ती अजूनही चालते.

५. टेलनेट बंद, एसएसएच चालू. एचटीटीपी बंद. एसएनएमपीमधला 'पब्लिक' हा शब्द आजच्या आज काढा.

एवढं केलं की लोक हात झटकतात. थांबा. इथे एक खड्डा आहे. स्विच लेयर थ्रीचा असेल, म्हणजे व्हीलॅनमधलं राउटिंग तोच करत असेल, तर प्रत्येक व्हीलॅनमध्ये गेटवे म्हणून त्याचाच एक पत्ता असतो. तुम्ही ९९ ला कडेकोट बंदोबस्त केलात, पण पाहुण्यांच्या वायफायवरून १९२.१६८.२०.१ वर एसएसएच केलं, तर तेच लॉगिन समोर हजर! पुढचं दार बंद, मागचं सताड उघडं. म्हणून लॉगिन फक्त कारभाराच्या मशीनच्या पत्त्यावरूनच घ्यायचं, असा नियम स्विचवरच घाला. आणि मग पाहुणा होऊन स्वतः तपासून बघा. तपासल्याशिवाय झालं म्हणू नका.

दुसरा खड्डा खरेदीचा. काही अगदी स्वस्त 'स्मार्ट' स्विचमध्ये व्हीलॅन करता येतात, पण त्यांचं कारभाराचं पान कुठल्याही व्हीलॅनमधून उघडतं. काही हजारांच्याच आसपास दुसरा स्विच मिळतो, ज्यात मॅनेजमेंट व्हीलॅन वेगळा ठेवता येतो. कोटेशन मागवताना ही एक ओळ लिहायची, इतकंच.

तिसरा, काम करतानाचा. आधी नवी वाट चालू करा, तिच्यावरून लॉगिन होतंय बघा, मगच जुनी बंद करा. हे ज्याने उलट केलं, तो संध्याकाळच्या वेळी शिडी लावून छताखाली लोंबकळलेला दिसतो :-) सिस्कोवर 'दहा मिनिटांनी आपोआप रीस्टार्ट हो' असं आधी सांगून ठेवता येतं. बदल सेव्ह न करता तपासायचे. जमलं तर ते रद्द करायचं, नाही जमलं तर दहा मिनिटांनी डबा जुन्या रूपात परत.

आता मर्यादाही सांगतो, नाहीतर विकायला बसलोय असं वाटेल. व्हीलॅनची भिंत ही चिऱ्याची भिंत नाही. वायर तीच, डबा तोच, फक्त लेबल वेगळं. कोणी चुकून एकाच वायरीची दोन्ही टोकं स्विचमध्ये खोचली आणि वादळ उठलं, की कारभाराची वाटही त्यातच गुदमरते. पावसात घाटात दरड कोसळते तेव्हा नेमकं हेच होतं. खालून ती उपसायला निघालेला जेसीबीही त्याच गाड्यांच्या रांगेत अडकतो. म्हणून मोठी हॉस्पिटलं, बँकांची मुख्यालयं यांनी कारभाराला खरोखरची वेगळी वायर, वेगळा डबा ठेवावा. आणि तीसुद्धा अधूनमधून वापरून बघावी. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक सहा तासांच्या आसपास जगातून गायब झालं, तेव्हा त्यांची नेहमीची वाटही बंद होती आणि संकटासाठी राखलेली वेगळी वाटही. इंजिनिअरांना डेटा सेंटरमध्ये प्रत्यक्ष जावं लागलं. आपल्या पतसंस्थेला एवढा थाट नको. कपाटात एक कन्सोल केबल आणि ती कशाची आहे हे लिहिलेली चिठ्ठी, एवढी वेगळी वाट पुरे.

शेवटचा मुद्दा तांत्रिक नाही, आणि माझ्या मते खरं दुखणं तिथेच आहे. बहुतेक ठिकाणी स्विचचा पासवर्ड संस्थेकडे नसतोच. तो मेंटेनन्सवाल्याकडे असतो. तोही त्याच्या एका पोराच्या फोनमध्ये, आणि तालुक्यातल्या दहा संस्थांना एकच. त्याला घरबसल्या काम करता यावं म्हणून राउटरवर एक पोर्ट बाहेरून उघडून ठेवलेला असतो. तो पोरगा उद्या नोकरी सोडून मुंबईला गेला, की तुमची चावी पण मुंबईला. आतली वाट कितीही वेगळी केलीत, तरी हे बाहेरचं भोक असेल तर सगळं मुसळ केरात. मेंटेनन्सवाल्याला दूरून यायचं असेल तर व्हीपीएनने यावं, सांगून यावं, काम झालं की दार बंद व्हावं. प्रत्येकाचं लॉगिन वेगळं हवं. एप्रिल २०२२ पासून सर्ट-इनचा आदेश आहे : सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत कळवा आणि लॉग १८० दिवस जपून ठेवा. लॉगमध्ये सगळीकडे 'ॲडमिन, ॲडमिन, ॲडमिन' असेल तर तो जपून काय कपाळ कळणार?

म्हणून संचालक मंडळींना विनंती. नवा फायरवॉल, नवं सॉफ्टवेअर, हे सगळं नंतर. येत्या मीटिंगमध्ये तीन प्रश्न विचारा आणि इतिवृत्तात उत्तरं लिहून घ्या. आपल्या स्विचच्या लॉगिनच्या पानापर्यंत कोण कोण पोचू शकतं? पासवर्ड कोणाकोणाकडे आहे आणि तो संस्थेच्या तिजोरीत बंद पाकिटात आहे का? सगळ्या स्विचच्या कॉन्फिगरेशनची प्रत कुठे ठेवली आहे? ही उत्तरं द्यायला इंजिनिअर लागत नाही. आणि उत्तर मिळालं नाही तर तेच उत्तर समजा.

काम एका रविवारचं आहे. ग्राहक नसताना करायचं, सोमवारी काउंटर उघडेपर्यंत कोणाला पत्ताही लागत नाही. तसंच असावं. कारभाराची वाट बरोबर जागी असली की ती पडवीत बसलेल्याला दिसतच नाही.

असो. फार लांबलं. तुमच्या शाळेत, दवाखान्यात, सोसायटीत हे कोणी तपासलं तर काय निघालं ते जरूर कळवा. संस्थेचं नाव मात्र लिहू नका. पुढच्या शनिवारी काहीतरी हलकंफुलकं लिहीन, वचन.